एका कमांडची चार नावं

लेटेकमध्ये पहिल्यांदा काही लिहिणाऱ्या प्रत्येकाला एक संदेश भेटतोच: "अनडिफाइन्ड कंट्रोल सिक्वेन्स". एखाद्या कमांडच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलेलं असतं, बस्स. पण संदेश वाचून हे कळत नाही. कारण तुम्ही जे शिकलात त्यात "कमांड" हा शब्द होता. "कंट्रोल सिक्वेन्स" हा शब्द तुम्ही बापजन्मात ऐकलेला नसतो. मग आपण घाबरतो, आपलंच काहीतरी मोठं चुकलं असं समजतो आणि सीनियरला हाक मारतो. सीनियर येतो, अक्षर दुरुस्त करतो आणि म्हणतो, "मॅक्रोचं नाव चुकलं होतं गं." म्हणजे आता तिसरा शब्द. पुढे कधीतरी कोणीतरी सांगतं की ती मॅक्रो नव्हतीच, "प्रिमिटिव्ह" होती. चौथा.

वस्तू एक आणि नावं चार. ही नुसती ढिलाई आहे का? मलाही आधी तसंच वाटायचं. पण तांत्रिक पुस्तिकांच्या भाषेवर काम करायला लागल्यापासून माझं मत बदललं. या चार नावांपैकी प्रत्येक नाव कोणीतरी विचार करून ठेवलेलं आहे. फक्त ते वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वाचकांसाठी ठेवलंय. जमिनीत जसे मातीचे थर असतात तसे अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्दांचे थर आहेत. आजच्या लेखात हे थर एकेक करून उकरून बघू. (कमांडची नावं मी इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थातच ती रोमन लिपीत आणि उलट्या तिरक्या रेघेनंतर येतात.)

पहिला थर: शिसं

सगळ्यात खालचा थर छापखान्याचा आहे. मराठीत आपण ज्याला खिळा म्हणत आलो तो धातूचा टाइप, आणि तो जुळवणारा जुळारी. युरोपातल्या जुळाऱ्यांची भाषा संगणकाने जशीच्या तशी उचलली, पण अर्थ मात्र सरकले.

"लेडिंग" घ्या. लेड म्हणजे शिसं. दोन ओळींमध्ये अंतर हवं असेल तर जुळारी शिशाची पातळ पट्टी सरकवायचा. लेडिंग म्हणजे ती जादा पट्टी. आजच्या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लेडिंग म्हणजे एका ओळीच्या बैठकीपासून पुढच्या ओळीच्या बैठकीपर्यंतचं पूर्ण अंतर. १० पॉइंटचा टाइप आणि २ पॉइंटची पट्टी असेल तर जुना जुळारी म्हणेल लेडिंग २, आणि आजचा डिझायनर म्हणेल लेडिंग १२. दोघंही बरोबर आहेत.

"कर्न"चंही असंच. धातूच्या काळात कर्न म्हणजे अक्षराचा तो भाग, जो खिळ्याच्या ठोकळ्याबाहेर लोंबतो. नंतर दोन विशिष्ट अक्षरांमधलं अंतर कमीजास्त करण्याला कर्निंग म्हणू लागले. आणि टेक या प्रणालीत कर्न म्हणजे कुठलीही ठरलेली, न ताणणारी मोकळी जागा, अगदी उभी जागासुद्धा.

मोजमापं तरी ठाम असावीत ना? तीही नाहीत. टेकमध्ये एका इंचात ७२.२७ पॉइंट असतात, कारण तिथे अमेरिकी छापखान्याचा पॉइंट धरलाय. अडोबीच्या पोस्टस्क्रिप्टने हिशेब सोपा केला आणि इंचात बरोबर ७२ पॉइंट धरले. टेकमध्ये या दुसऱ्या पॉइंटला "बिग पॉइंट" असं वेगळं नाव आणि वेगळं संक्षिप्त रूप आहे. फरक किती? २५० मिलिमीटर उंचीचा मजकूर टेकच्या पॉइंटात मोजला आणि ते आकडे दुसऱ्या कोणी पोस्टस्क्रिप्टचे समजून वापरले, तर जवळपास १ मिलिमीटर वाढतो. नुसत्या डोळ्याला जाणवणार नाही, पण छापताना पानं एकमेकांवर बसवणाऱ्याला नक्की जाणवेल. पुस्तिकेत नुसतं "पॉइंट" लिहून पुढे गेलं की असा घोळ होतो.

दुसरा थर: क्नुथ

मार्च १९७७ मध्ये डोनाल्ड क्नुथ यांच्या हातात त्यांच्याच ग्रंथाची गॅली प्रूफं आली. ग्रंथ होता 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'च्या दुसऱ्या खंडाची दुसरी आवृत्ती. पहिली आवृत्ती धातूच्या टाइपात जुळवलेली होती. आता प्रकाशकाने फोटोटाइपसेटिंग सुरू केलं होतं आणि निकाल बघून क्नुथ नाराज झाले. त्या मे महिन्यातच त्यांनी स्वतःच्या प्रणालीचा पहिला आराखडा लिहिला. नाव ठेवलं टेक. शेवटचं अक्षर ग्रीक आहे, म्हणून काटेकोर उच्चार "टेख"च्या जवळ जातो. १९८२ च्या सुमारास त्यांनी सगळी प्रणाली नव्याने लिहिली आणि १९८४ मध्ये 'द टेकबुक' ही पुस्तिका आली.

क्नुथ यांना छापखान्याची भाषा चांगली ठाऊक होती. पण ओळ मोडण्याचं गणित करताना त्यांना नव्या कल्पना सापडल्या, आणि नव्या कल्पनांना जुनी नावं दिली असती तर वाचक फसला असता. म्हणून त्यांनी नवे शब्द घेतले. प्रत्येक अक्षर, शब्द, ओळ, पान ही एक "बॉक्स". दोन बॉक्सच्या मध्ये "ग्लू". ग्लूला तीन आकडे असतात: नैसर्गिक लांबी, किती ताणता येईल, किती दाबता येईल. क्नुथ यांच्या १० पॉइंटच्या नेहमीच्या टाइपात दोन शब्दांमधला ग्लू सुमारे ३.३३ पॉइंट लांब, १.६७ ताणणारा आणि १.११ दबणारा आहे.

आता ग्लू म्हणजे डिंक. डिंक कधी ताणतो का? "स्प्रिंग" म्हणायला हवं होतं असं तुमच्या मनात येईल. हा शब्द चपखल नाही हे क्नुथ यांनाही मान्य होतं आणि टेकबुकमध्ये त्यांनी तशी चर्चा केलीय. पण तोवर तो शब्द वापरणाऱ्यांच्या तोंडी चिकटला होता. डिंकच तो.

इथे माझ्या विषयातला पहिला धडा आहे. शब्द अचूक असणं आणि शब्द सुसंगत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्लू हा शब्द अचूक नाही, पण टेकबुकमध्ये तो सुसंगत आहे: पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ग्लू म्हणजे तीच तीन आकड्यांची वस्तू. वाचकाला एकदा धक्का बसतो, नंतर कधीच नाही.

याहून सुंदर उदाहरण आहे तीन शब्दांचं: बॅडनेस, पेनल्टी आणि डिमेरिट. बोलताना आपण तिन्हींना "दोष" म्हणून मोकळे होऊ. टेकमध्ये ते तीन निराळे आकडे आहेत. ओळीतला ग्लू किती ताणला किंवा दाबला गेला, त्या प्रमाणाचा घन करून त्याला १०० ने गुणलं की बॅडनेस. ती १०,००० वर थांबते, म्हणून "अंडरफुल" ओळीच्या इशाऱ्यात हा आकडा सारखा दिसतो. पेनल्टी ही एखाद्या ठिकाणी ओळ मोडण्याची ठरवून दिलेली किंमत. उदाहरणार्थ, शब्द मधेच तोडायचा तर मूळ मांडणीत ५०. आणि डिमेरिट म्हणजे या दोन्हींना मिळून, वर्ग करून येणारा हिशेब. तो अख्ख्या परिच्छेदासाठी बेरजेत धरतात आणि टेक ती बेरीज कमीत कमी ठेवायला बघतं. टेकबुकमध्ये या तिघांची अदलाबदल होत नाही. झाली असती तर ते प्रकरण कोणालाच समजलं नसतं.

शिवाय टेकबुकच्या निर्देशसूचीत ज्या पानावर एखाद्या शब्दाची मुख्य माहिती आहे त्या पानाचा आकडा अधोरेखित असतो. म्हणजे लेखक म्हणतोय, "या शब्दाचा माझा अर्थ इथे ठरलाय. शंका आली तर इथे ये."

१९८७ मध्ये क्नुथ यांनी स्टॅनफर्डला गणिती लेखनाचा एक वर्ग घेतला. त्याच्या टिपणांत एक सूचना आहे. तिचा आशय असा: दोन वेगळ्या गोष्टींना एक चिन्ह वापरू नका, आणि एकाच गोष्टीला जागोजागी वेगळी चिन्हं देऊ नका. आपल्याला शाळेत निबंधाच्या तासाला नेमकं उलटं शिकवलं गेलं. "पाणी" एकदा झालं की पुढे "जल", मग "नीर", नाहीतर बाई लाल शाईने "पुनरुक्ती" लिहायच्या. निबंधात ते शोभतं. पुस्तिकेत तसं केलं की वाचक विचारतो, "हे नीर म्हणजे त्या पाण्याहून काही वेगळं का?" आणि त्याचा प्रश्न रास्त असतो.

बरं, क्नुथ यांच्या भाषेत कमांडला काय म्हणायचं? कंट्रोल सिक्वेन्स. तिचे दोन प्रकार: अक्षरांची असेल तर कंट्रोल वर्ड, एकाच चिन्हाची असेल तर कंट्रोल सिंबल. टेकच्या गाभ्यात जन्मजात असलेली ती प्रिमिटिव्ह, आणि इतर कंट्रोल सिक्वेन्स वापरून नंतर बांधलेली ती मॅक्रो. म्हणजे क्नुथ यांच्या घरात हे समानार्थी शब्द नाहीतच. ते आई, मुलगी, सून असे नात्याचे शब्द आहेत. गोंधळ झाला तो घरात नवीन माणूस आल्यावर.

तिसरा थर: लॅम्पोर्ट

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टेकवर मॅक्रोंचा एक मोठा संच बांधला. तोच लेटेक. १९८६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांचा वाचक प्रोग्रॅमर नव्हता. त्याला फक्त आपला पेपर नीट छापलेला हवा होता. अशा माणसाला "कंट्रोल सिक्वेन्स, जी प्रिमिटिव्ह किंवा मॅक्रो असू शकते" हे सांगून काय उपयोग? लॅम्पोर्ट यांनी एकच सोपा शब्द घेतला: कमांड. आणि "बिगिन" ते "एंड" यांच्यामधल्या भागाला म्हणाले एन्व्हायर्नमेंट. ही बिगिन-एंडची रचना ब्रायन रीड यांच्या स्क्राइब या प्रणालीतही होती, आणि लेटेकवर स्क्राइबचा प्रभाव उघड आहे.

निर्णय योग्य होता. लॅम्पोर्ट यांचं पुस्तकही आपल्यापुरतं सुसंगत आहे. अडचण अशी की लेटेकच्या पोटात टेकच चालतं. सगळं सुरळीत असेपर्यंत वापरणारा वरच्या मजल्यावर राहतो. चूक झाली की संदेश तळमजल्यावरून येतो, तळमजल्याच्या बोलीत. लॅम्पोर्ट यांना हे माहीत होतं. म्हणून त्यांच्या पुस्तकात चुकांच्या प्रकरणात लेटेकचे संदेश आणि टेकचे संदेश अशा दोन वेगळ्या याद्या आहेत. एका अर्थाने ती शब्दकोशाचीच सोय होती.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुस्तिका आपण निवांतपणी वाचतो, पण चुकीचा संदेश अडचणीत वाचतो. प्रबंध द्यायला दोन दिवस उरलेत, पीडीएफ तयार होत नाहीये, आणि समोर अनोळखी शब्द. त्या क्षणी नवा माणूस "या दोन पुस्तिकांच्या परिभाषा जुळत नाहीत" असं म्हणत नाही. तो म्हणतो, "मला हे जमणार नाही." शब्दांच्या विसंगतीची किंमत सॉफ्टवेअर भरत नाही, ती नवशिक्याच्या आत्मविश्वासातून वळती होते.

लॅम्पोर्ट यांच्याही काही शब्दांनी पुढे त्रास दिलाच. "पॅराग्राफ" ही कमांड परिच्छेद सुरू करत नाही. ती सेक्शन, सबसेक्शन या शिडीवरची एक खालची पायरी आहे आणि ओळीतच एक छोटं शीर्षक छापते. "फिगर" एन्व्हायर्नमेंटमध्ये चित्र असायलाच हवं असं नाही, "टेबल"मध्ये तक्ता असायलाच हवा असंही नाही. या दोन्ही म्हणजे तरंगत्या पेट्या. जागा मिळेल त्या पानावर जाऊन बसतात, त्यांना क्रमांक आणि मथळा मिळतो. खरा तक्ता आखते ती "टॅब्युलर" एन्व्हायर्नमेंट. "मी तक्ता इथे टाकला, तो तिकडे का गेला?" हा प्रश्न ज्याने विचारला नाही असा लेटेक वापरणारा मी अजून पाहिलेला नाही. उत्तर असं: तुम्ही तक्ता इथे "टाकला" नव्हता, तक्ता ठेवलेली नाव पाण्यात सोडली होती. नावेला "टेबल" म्हटल्यामुळे हे कळत नाही.

चौथा थर: १९९४ आणि "स्टाइल"ची फाळणी

आता या इतिहासातला माझा सगळ्यात आवडता प्रसंग. जुन्या लेटेकमध्ये, म्हणजे २.०९ आवृत्तीत, फाइलची सुरुवात "डॉक्युमेंटस्टाइल" या कमांडने व्हायची. पुढे चौकटी कंसात स्टाइल ऑप्शन आणि मग महिरपी कंसात मुख्य स्टाइल, जसं आर्टिकल किंवा बुक. गंमत अशी की त्या चौकटी कंसात दोन अगदी वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या जायच्या. "टूसाइड"सारखा खरा पर्याय, जो मुख्य स्टाइलला माहीत असायचा, आणि चित्रं घालण्यासाठी कोणीतरी तिसऱ्यानेच लिहिलेली अख्खी स्वतंत्र फाइल. दोन्हींना नाव एकच: स्टाइल ऑप्शन. त्यात संदर्भसूचीची स्टाइल वेगळी, पानाच्या डोक्यावरच्या मजकुराची पेज स्टाइल वेगळी, आणि गणितात टेकची डिस्प्ले स्टाइल, टेक्स्ट स्टाइल वेगळी. "तुझी स्टाइल बदल" या वाक्याला निदान पाच अर्थ होते.

१९८० चं दशक संपताना लेटेकची जबाबदारी लॅम्पोर्ट यांच्याकडून एका गटाकडे गेली. फ्रँक मिटेलबाख, रायनर श्योफ आणि ख्रिस रावली ही त्यातली सुरुवातीची नावं. तोवर लेटेकच्या बोली वाढल्या होत्या. नवी फॉन्टपद्धत घातलेलं लेटेक, अमेरिकन गणित संस्थेचं लेटेक, पारदर्शिका बनवण्याचं स्लायटेक. एकाची फाइल दुसऱ्याकडे चालेलच असं नव्हतं. १९९४ मध्ये हे सगळं एकत्र करून "लेटेक टू ई" आलं.

त्यात "स्टाइल"ची फाळणी झाली. मुख्य ढाचा तो "क्लास", आणि वरून जोडायची ती "पॅकेज". डॉक्युमेंटस्टाइल जाऊन "डॉक्युमेंटक्लास" आणि "यूजपॅकेज" अशा दोन कमांड झाल्या. आणि लिहिणाऱ्यांसाठी साधी कसोटी दिली: तुमच्या कमांड कुठल्याही क्लासबरोबर चालत असतील तर पॅकेज करा, नाहीतर क्लास करा. ही नुसती नावांची अदलाबदल नव्हती. शब्द वेगळे झाल्यावर लोक वेगळा विचार करू लागले. छोटी, एकच काम करणारी, कुठेही बसणारी पॅकेज लिहिणं स्वाभाविक वाटू लागलं. आज हजारोंनी पॅकेज आहेत. त्याची कारणं बरीच आहेत, पण "ही वेगळी वस्तू आहे" असं सांगणारा वेगळा शब्द हे त्यातलं एक नक्की.

फॉन्टचंही असंच झालं. धातूच्या काळात फॉन्ट म्हणजे एका घाटाचा, एकाच आकाराचा खिळ्यांचा संच. आज लोक मेनूतल्या अख्ख्या कुटुंबाला फॉन्ट म्हणतात. लेटेक २.०९ मध्ये ठळक आणि तिरपं अशा दोन जुन्या कमांड लागोपाठ दिल्या तर नुसतं तिरपं मिळायचं, कारण दुसरी कमांड पहिलीला पुसून नवा फॉन्ट आणायची. मिटेलबाख आणि श्योफ यांच्या पद्धतीने "फॉन्ट" या एका शब्दाचे पाच अक्ष केले: एन्कोडिंग, फॅमिली, सीरीज, शेप, साइझ. ठळकपणा ही सीरीज, तिरपेपणा हा शेप. दोन वेगळे अक्ष, म्हणून आता दोन्ही एकदम मिळतात. आधी शब्द सुटे झाले, मग अक्षरं ठळक-तिरपी झाली.

मग अजून गोंधळ का?

कारण जुने शब्द मरत नाहीत. पॅकेजच्या फाइलचं शेपूट बघा: "डॉट एसटीवाय". म्हणजे स्टाइल! १९९४ मध्ये शब्द बदलला, शेपूट राहिलं. म्हणून आजही "ती स्टाइल फाइल टाक" म्हणणारे सीनियर सगळीकडे भेटतात. मलाही प्रबंधासाठी जो साचा मिळाला होता तो "स्टाइल" या नावाने हातोहात फिरत आलेला. तो क्लास आहे, पॅकेज आहे की नुसती नमुना फाइल, हे तो पुढे देणाऱ्या कोणालाच सांगता येईना. उघडून बघितल्यावर त्यात तिन्ही निघालं.

आणि हे टाळताही येत नाही. टेकच्या जगाचं मोठं वचन हे आहे की जुनी फाइल चालत राहील. डॉक्युमेंटस्टाइलने सुरू होणारी फाइल लेटेक टू ई अजूनही जुळवणी-अवस्थेत चालवायचा प्रयत्न करतं. टेकची आवृत्ती तर पायच्या किमतीकडे एकेक दशांश अंकाने सरकते, इतका तिला बदल नको आहे. तुम्हाला काळाच्या ओघात सुसंगती हवी असेल तर जुने शब्द ठेवावे लागतात, आणि आजच्या पुस्तिकेत सुसंगती हवी असेल तर ते टाकावे लागतात. दोन्ही सुसंगतीच आहेत आणि त्या एकमेकींच्या वाटेत येतात. माझ्या संशोधनाचा गाभा कोणी एका वाक्यात विचारला तर मी हेच वाक्य सांगते.

यात वरचे थरही वाढतच आहेत. "मी लेटेक इन्स्टॉल केलं" म्हणणाऱ्याने खरं तर टेक लाइव्ह किंवा मिकटेक इन्स्टॉल केलेलं असतं. ते वितरण, म्हणजे सगळ्याचं गाठोडं. त्यात पीडीएफटेक, झीटेक, लुआटेक ही इंजिनं असतात. लेटेक हा त्या इंजिनावर चढवलेला फॉरमॅट. आणि लिहायची खिडकी, उदाहरणार्थ ओव्हरलीफ, हे यातलं काहीच नाही, तो संपादक. हा फरक मराठी लिहिणाऱ्याला लगेच भोवतो. १९९१ मध्ये फ्रान्स फेल्टहाउस यांनी देवनागरीसाठी जी सोय केली तिच्यात रोमन लिपीत लिहून ते आधी दुसऱ्या प्रोग्रॅममधून काढावं लागायचं. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचं झीटेक आल्यावर थेट युनिकोड देवनागरी लिहिता येऊ लागली. म्हणून "लेटेकमध्ये मराठी चालतं का?" या प्रश्नाला हो-नाही असं उत्तर नाही. "इंजिन कुठलं?" हे आधी विचारावं लागतं, आणि त्यासाठी इंजिन हा शब्द माहीत असावा लागतो.

व्युस्टर आणि आपण

परिभाषेचं शास्त्र म्हणून ज्याचा अभ्यास होतो त्याची सुरुवात बहुतेक जण ऑयगेन व्युस्टर या ऑस्ट्रियन अभियंत्याच्या १९३१ च्या प्रबंधापासून धरतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आधी संकल्पना नीट वेगळी करा, तिच्या शेजारच्या संकल्पनांशी तिचं नातं ठरवा, मग तिला एकच नाव द्या. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी जी नियंत्रित इंग्रजी वापरतात ती याच वाटेने जाते. तिथे "फॉलो" म्हणजे फक्त "मागून येणे". सूचना "फॉलो" करायच्या नसतात, त्यासाठी दुसरा शब्द ठरलेला आहे.

लेटेकच्या इतिहासातून मला यावर एक पुस्ती जोडावीशी वाटते. जिवंत सॉफ्टवेअरमध्ये एक संकल्पना आणि एक नाव अशी जोडी कायमची टिकत नाही. टिकवता येते ती एका थराच्या आतली शिस्त, आणि दोन थरांमधला जिना. लॅम्पोर्ट यांच्या दोन याद्या हा जिना होता. लेटेकच्या नव्या प्रोग्रॅमिंग पातळीत, जी २०२० पासून गाभ्यात आली, कमांडच्या नावातच तिचा विभाग, तिचं काम आणि तिला कुठल्या प्रकारची माहिती द्यायची हे लिहिलेलं असतं. नाव लांबतं, दिसायला विचित्र दिसतं, पण शिस्त पुस्तिकेतून थेट नावात उतरते.

आणि मराठीत? लेटेकवर मराठीत लिहिणारे आता हळूहळू वाढताहेत, म्हणजे आपला थर आत्ता बसतोय. यंत्राच्या भाषांतरावर सोडलं तर एन्व्हायर्नमेंटचं "पर्यावरण" होतं आणि रेघ आखणाऱ्या "रूल"चा "नियम". हे निदान हसून दुरुस्त तरी करता येतं. बॅडनेस, पेनल्टी, डिमेरिट तिन्हींना "दोष" म्हटलेलं कोणाला खटकणारही नाही, आणि तेच जास्त धोक्याचं. माझा आग्रह शुद्ध मराठी शब्दांचा नाही. "ग्लू"ला ग्लूच म्हणा, "डिंक" म्हणा, हवं तर "ताण" म्हणा. पण लिहायला बसण्याआधी एक तक्ता करा. डावीकडे संकल्पना एका साध्या वाक्यात, मग आपण ठरवलेला एकच शब्द, मग टाळायचे शब्द, आणि शेवटी तीच वस्तू चुकीच्या संदेशात कुठल्या नावाने येते ते. हा शेवटचा रकाना विसरू नका. रात्री दोन वाजता वाचक तोच शोधत असतो.

मी सध्या आमच्या लॅबमधल्या नवीन मुलांसाठी असा एक तक्ता करतेय. पहिली ओळ अर्थातच ही: "कंट्रोल सिक्वेन्स: म्हणजे कमांडच. घाबरू नका, स्पेलिंग बघा."